नागपूरकरांच्या ‘हरकती व सूचना’: कोणती खिडकी चालते, कोणती नुसती उघडी असते

‘नागरिकांनी आपल्या सूचना कळवाव्यात’ हे वाक्य नागपुरात कुठे ना कुठे कायम छापलेलं असतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत, झोन कार्यालयाच्या फलकावर, मोबाइलमधल्या अ‍ॅपवर. सावजी खानावळीत जेवायला गेलेला माणूस पाटी वाचून मत बनवत नाही. ताट किती वेळात आलं आणि रश्श्याला चव होती का, एवढंच तो पाहतो. या परीक्षणात सरकारी खिडक्यांनाही तसाच निकष लावला आहे. अर्जाची पावती मिळते का? उत्तराला मुदत आहे का? उत्तर कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने द्यायचं हे लिहून ठरलेलं आहे का? आणि उत्तर पटलं नाही तर वरची पायरी आहे का?

तक्रारीची अ‍ॅप

सगळ्यात गर्दी इथे. केंद्र सरकारचं स्वच्छता अ‍ॅप, राज्याचं आपले सरकार पोर्टल, महापालिकेची स्वतःची ऑनलाइन सोय, शिवाय पाण्यासाठी आणि विजेसाठी वेगळे क्रमांक. वापरायला सगळी सोपी आहेत. फोटो काढा, जागा दाखवा, प्रकार निवडा, पाठवा. मेलेलं जनावर, न आलेली कचरागाडी, बंद पडलेला पथदिवा यांसाठी ही सोय खरंच कामाची आहे, कारण या कामांना एक माणूस, एक गाडी आणि एक फेरी पुरते.

तक्रार फसते ती बहुतेक पहिल्याच पायरीवर, आणि तिथे दोष नेहमी यंत्रणेचा नसतो. नागपुरात एकाच चौकात चार मालक उभे असतात. महापालिकेचे १० झोन आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आसीनगर आणि मंगळवारी. पण त्याच हद्दीत १९३६ च्या कायद्याने आलेलं नागपूर सुधार प्रन्यास आहे. गुंठेवारीतल्या, म्हणजे परवानगीविना पाडलेल्या छोट्या प्लॉटांच्या ‘५७२’ आणि ‘१९००’ ले-आउटांत राहणाऱ्यांना प्लॉट नियमित केल्याच्या आर.एल. पत्रासाठी प्रन्यासच्या पायऱ्या चढाव्या लागतात, हे वेगळं सांगायला नको. मोठे रस्ते कुठे सार्वजनिक बांधकाम विभागाचे, कुठे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे, आणि मेट्रोच्या खांबाखालचा दुभाजक आणखी कोणाचा. चुकीच्या दारात टाकलेली तक्रार ‘आमच्या अखत्यारीत नाही’ या शेऱ्याने बंद होते आणि आकडेवारीत ती निकाली निघालेली दिसते. म्हणून रस्त्याची तक्रार करण्याआधी रस्ता कोणाचा ते शोधा. काम सुरू असेल तर तिथल्या फलकावर विभागाचं नाव असतं. फलक नसेल तर झोनच्या उपअभियंत्याकडे लेखी विचारा.

दुसरी चूक नकाशावरच्या खुणेची. फोन खिशात टाकून घरी आल्यावर तक्रार नोंदवली, की खूण घरावर पडते आणि खड्डा राहतो तीन गल्ल्या पलीकडे. तिथेच उभं राहून नोंदवा. वर्णनात जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक द्या, कारण लाइनमनला आणि सफाई जमादारालाही तो सापडतो. एका तक्रारीत एकच गोष्ट लिहा. ‘गटार तुंबलं आहे, दिवा बंद आहे आणि कुत्री फार झाली आहेत’ अशी तक्रार तीन विभागांत फिरते. तिघांपैकी जो आधी काम करतो, तो ती संपूर्णच बंद करून टाकतो.

आता खोटा ‘निकाली’. याचं मूळ मोजमापात आहे. अशा यंत्रणांत किती टक्के तक्रारी बंद झाल्या हे मोजलं जातं, किती प्रश्न सुटले हे नाही. ज्याचं काम मोजायचं, त्याच्याच हातात बंद करायचं बटण. ‘काम करून राहिलो’ असं उत्तर मिळालं की ते झालं असं धरायचं नाही, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. पण त्या उत्तरावर गप्प बसलं की तक्रार कायमची बुडते. तक्रार पुन्हा उघडायची सोय असेल तर ती थोडे दिवसच असते. त्या दिवसांत, त्याच कोनातून, तारीख दिसेल असा दुसरा फोटो टाका. तेच गटार तिसऱ्यांदा तुंबलं तर चौथी तक्रार टाकण्यात अर्थ नाही. आधीच्या तीन क्रमांकांसह झोनच्या सहायक आयुक्तांच्या नावे कागदावर अर्ज द्या, आवक शिक्का घ्या आणि मागणी बदला: ‘साफ करा’ ऐवजी ‘उतार मोजून द्या’. वारंवार तुंबणाऱ्या गटारात बहुधा चेंबरचा तळ पुढच्या पाइपपेक्षा खाली गेलेला असतो, नाहीतर मध्ये केबलचा पाइप आडवा घुसवलेला असतो. झाडूने तो निघत नाही.

अ‍ॅपला ५ पैकी ३. लक्षण कळवायला छान, रोग कळवायला जागाच नाही.

लोकसेवा हक्क: एकमेव खिडकी जिच्यावर घड्याळ टांगलंय

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये आला, आणि सगळ्या खिडक्यांत हीच सर्वांत नीट बांधलेली आहे. वरचे चारही निकष कायद्यातच लिहिलेले आहेत. प्रत्येक अधिसूचित सेवेला पदनिर्देशित अधिकारी, ठरलेली मुदत, फी आणि अपिलाच्या पायऱ्या. ही माहिती कार्यालयाच्या दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. जन्म-मृत्यूच्या दाखल्याला ३ दिवस, नळजोडणीला १५ दिवस अशा मुदती ठरलेल्या आहेत. मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा सबळ कारणाशिवाय नाकारली गेली तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. चूक सिद्ध झाली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. रक्कम मोठी नाही, पण तो भरावा लागतो अधिकाऱ्याच्या खिशातून. त्याची भीती रकमेपेक्षा मोठी.

मग लोकांना फायदा का होत नाही? कारण घड्याळ सुरूच होत नाही. टेबलावर कागद ठेवला, बाबूने ‘पाहतो’ म्हटलं, आणि अर्जदार बर्डीच्या बाजारात खरेदी करून घरी. नोंदणी क्रमांक नसेल तर अर्ज दिल्याचा पुरावाच राहत नाही. दुसरं असं, की मुदत मोजली जाते ती परिपूर्ण अर्जापासून. एक जोडपत्र कमी असलं तरी पंधरा दिवसांचा महिना होतो. पावतीवर क्रमांक, तारीख आणि सेवा देण्याची शेवटची तारीख या तीन गोष्टी दिसल्याशिवाय खिडकी सोडू नये. काही कमी असेल तर ते लेखी मागावं. तोंडी सांगितलेल्या त्रुटी दर खेपेला नव्या निघतात.

मर्यादाही ओळखून असावं. हा कायदा अर्ज करून मिळणाऱ्या सेवांचा आहे. खड्डा, दुर्गंधी, बस न येणं हे त्यात बसत नाही. आणि सेवा कशी असावी हे ठरवताना नागरिकाला यात कुठेच विचारलेलं नाही. झोन दाखला (आराखड्यात जमीन कोणत्या वापराची हे सांगणारा कागद) किती दिवसांत मिळावा हे सरकारने ठरवलं, तुम्ही फक्त तो वेळेत मागू शकता. तरीही ५ पैकी ४.

हरकती आणि सूचना

सेवा आखण्याआधी नागरिकाला विचारायची कायदेशीर खिडकी हीच. विकास आराखडा, त्यातला फेरबदल, मोठं झाड तोडणं, या सगळ्यांत ती आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ नुसार आराखड्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं, मुदत दिली जाते आणि नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. कागदावर व्यवस्था उत्तम. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले, तेव्हापासूनच्या दीर्घ काळात नागपुरात ही लेखी हरकत आणखी महत्त्वाची ठरली, कारण नगरसेवकाच्या दारात जाऊन सांगायचा तोंडी रस्ता बंद होता.

हरकत वाया जाते ती मजकुरामुळे. एकाच नमुन्याची चारशे झेरॉक्स पत्रं दिली तर सुनावणीत ती एकाच क्रमांकाखाली गोळा होतात आणि त्यांना एका ओळीचं उत्तर मिळतं. चारशे सह्यांचा दबाव वर्तमानपत्रात दिसतो, फायलीत नाही. फायलीत टिकते ती हरकत अशी असते: सूचनेचा क्रमांक आणि तारीख, मौजा, खसरा किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, जागेवर आज प्रत्यक्ष काय आहे, प्रस्तावामुळे नेमकं काय बिघडतं, आणि त्याऐवजी काय करता येईल. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वजनाची. ‘हे उद्यान हलवू नका’ या पत्रापेक्षा ‘दोनशे मीटरवरच्या अमुक सरकारी पडीक जागेत वाहनतळ होऊ शकतो’ हे पत्र समितीला लिहून उत्तर द्यायला भाग पाडतं. ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे’ हे वाक्य स्वतंत्र ओळीत लिहा. सुनावणीला काही मिनिटंच मिळतात, तेव्हा भाग नकाशाची प्रत रंगवून न्या. समितीसमोर नकाशा बोलतो, भाषण नाही.

झाडांचं घड्याळ सगळ्यात वेगाने पळतं. १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार झाडावर नोटीस चिकटवली जाते आणि जाहिरात दिली जाते, त्यानंतर हरकतीला ७ दिवस. सात दिवसांत पावसाने नोटीस भिजते, बकरी खाते किंवा कोणीतरी काढून नेतं. अजनीवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला तेव्हा नागपूरकरांनी मोठ्या संख्येने हरकती नोंदवल्या. आपल्या वस्तीत हेच करायचं तर नोटिशीसाठी रोज एकाने एक फेरी मारावी. नोटीस दिसली की तिचा तारखेसह फोटो, प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा बुंध्याचा घेर आणि खांबाचा क्रमांक, एवढं एका पानावर. ‘पर्यावरण वाचवा’ लिहून दिलेल्या पत्रात उद्यान विभागाला खोडायला काहीच सापडत नाही आणि मानायलाही काही सापडत नाही. ‘नोटिशीत १२ झाडं आहेत, जागेवर १९ आहेत’ या वाक्यावर मात्र पुन्हा पाहणी करावी लागते.

५ पैकी अडीच. शेवटचा अर्धा गुण कापला तो जाहीर सूचनेच्या भाषेसाठी. मराठीतच असते, पण वाचून कोणाची जमीन जातेय ते जमिनीच्या मालकालाही कळत नाही.

बजेटमधली सूचना

थोडक्यात सांगायचं तर पुण्यात २००६-०७ पासून नागरिक प्रभागातल्या छोट्या कामांचे अर्ज देतात, एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा, आणि ती कामं अंदाजपत्रकात दिसतात. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत १९८९ पासून रुजलेल्या कल्पनेचं हे आपल्याकडचं रूप. मर्यादा आहे म्हणून ते चालतं. पाच लाखांत फूटपाथ, बाक, दिवे बसतात, उड्डाणपूल बसत नाही, त्यामुळे मागणी जमिनीवर राहते. नागपुरात अंदाजपत्रकासाठी सूचना पाठवायची तर आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं हे लक्षात ठेवून ती दिवाळीच्या आसपास झोनमध्ये पोचवावी. फेब्रुवारीत आलेली सूचना कितीही चांगली असली तरी तोवर आकडे भरून झालेले असतात. नगरसेवक, प्रभाग समित्या आणि त्यांत स्वयंसेवी संस्थांचे नामनिर्देशित सदस्य ही तरतूद कायद्यात आहे. त्या जागांवर कोण बसतं हे आपल्या झोनमध्ये जाऊन एकदा विचारून पाहावं.

जिथे खिडकीच नाही: सिमेंटचा रस्ता

नागपुरात लोकांचा सगळ्यात जास्त संताप ज्यावर आहे, त्या कामासाठी एकही खिडकी नाही. गल्लीतला सिमेंटचा रस्ता विकास आराखड्यात येत नाही, म्हणून हरकत मागवली जात नाही. तो लोकसेवा हक्कात नाही. अ‍ॅपमध्ये तक्रार करता येते ती रस्ता झाल्यावर, जेव्हा तो फोडायला कोणी तयार नसतं.

बिघडतं काय ते गणिताने समजतं. वरचा काँक्रीटचा थर साधारण २० सेंमी, त्याखाली १० ते १५ सेंमीचा थर. जुना डांबरी रस्ता न खोदता त्यावरच हे सगळं ओतलं तर रस्ता एक फुटाने वर येतो. ज्या घराचा ओटा जुन्या रस्त्यापेक्षा फक्त एक वीतभर वर होता, ते घर आता खड्ड्यात. पहिल्या मोठ्या पावसात पाणी रस्त्यावरून अंगणात, अंगणातून खोलीत. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, ती आपत्ती वेगळ्या आकाराची होती. पण तेव्हाही भिंतीवरची पाण्याची खूण ओट्यापासून किती वर आहे, ही माहिती कोणत्याही सल्लागाराच्या अहवालाआधी तळमजल्यावरच्या बाईकडे होती.

ही माहिती काम सुरू होण्याआधी फायलीत घालायची, एवढाच मार्ग. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी घ्या, दहा मीटर पुरते. गल्लीच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये, प्रत्येक फाटकासमोर, आजच्या रस्त्याची पातळी कुंपणाच्या भिंतीवर ऑइलपेंटने आखा. कोणाचा ओटा किती सेंमी वर, पावसाळी गटाराचा तळ किती खाली, पाणी कोणत्या दिशेला वाहतं, हे एका कागदावर उतरवा. त्यावर सगळ्यांच्या सह्या आणि झोनच्या कार्यकारी अभियंत्याकडे आवक शिक्का. मागण्या तीनच ठेवा: जुना थर खोदून काढावा, नव्या रस्त्याची वरची पातळी आखलेल्या रेषेवर जाऊ नये, आणि दर काही घरांमागे नळ-केबलसाठी आडवे रिकामे पाइप आधीच टाकून ठेवावेत. हे पाइप विसरले की सहा महिन्यांत नव्या रस्त्याला करवत लागते. मग जोडणी तुमचीच असते आणि शिव्याही तुम्हालाच.

काम चालू असताना पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. मे महिन्यात दुपारी दोनला काँक्रीट ओतलं जात असेल तर पृष्ठभाग घट्ट व्हायच्या आत सुकतो आणि बारीक तडे जातात. नागपूरच्या उन्हात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी हाच वेळ. सांधे साधारण साडेचार मीटरवर, आणि ते कापायचे काँक्रीट ओतल्यानंतर पहिल्या दिवसाच्या आत. उशीर झाला की रस्ता स्वतःच सांधा निवडतो, तोही वाकडा. पाणी किमान १४ दिवस. ओलं गोणपाट किंवा आळी (पाणी साठवायला घातलेले छोटे बांध) दिसली पाहिजेत, टँकर येऊन शिंपडून गेला हे पाणी मारणं नव्हे. १५० मिमीचे चौकोनी ठोकळे तपासणीसाठी भरले जातात. ते कोणत्या तारखेच्या काँक्रीटचे, हे ठोकळ्यावर लिहिलं आहे का ते बघावं, कारण २८ दिवसांनी येणारा निकाल त्या तारखेशी जुळवायचा असतो. मजुरांशी वाद घालू नये. त्यांना मिक्सरमध्ये काय टाकायचं हे वरून सांगितलेलं असतं. तारीख, वेळ आणि फोटो लिहून कनिष्ठ अभियंत्याला त्याच दिवशी पाठवावं. महिन्याभराने पाठवलेल्या फोटोखाली दुसरं काँक्रीट पडलेलं असतं.

कपाट उघडायची वेळ

वरची सगळी मागणी करायची तर हातात चार कागद हवेत: त्या कामाचं खर्चाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, निविदेच्या अटी, आणि काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिका. कार्यादेशात दोषदायित्व कालावधी असतो. तोवर तडा गेला तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या पैशाने. ही तारीख गल्लीत एकालाही ठाऊक नसते आणि ती उलटल्यावर दुरुस्तीचा नवा खर्च मंजूर होतो.

माहिती अधिकारात हे मागता येतं: १० रुपये, एक विषय, दीडशे शब्दांत, ३० दिवस. पण काम तीस दिवसांत पूर्ण होऊन बिल निघतं. अधिकारी नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, म्हणून तोही इथे कमी पडतो. यापेक्षा जवळची वाट नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने दिलेली आहे. जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकाला अर्जाशिवाय अभिलेख पाहता येतो. जाताना कामाचं पूर्ण नाव आणि प्रभाग क्रमांक लिहून न्या. ‘आमच्या गल्लीचा रस्ता’ म्हणून कोणतीच फाइल निघत नाही. आदल्या शुक्रवारी त्या विभागाला लेखी कळवलं तर फाइल टेबलावर असण्याची शक्यता वाढते. प्रती हव्या असतील तर पानांचे क्रमांक टिपून घ्या, पैसे भरून नंतर मिळतात. तीनला जायचं असेल तर अडीचला पोचा. पावणेपाचला पोचलेल्या माणसाला फाइल मिळते, ती वाचायला वेळ मिळत नाही.